ब्लॅक बेल्ट किती वर्षांत, हा प्रश्न नंतर

जूनमध्ये शाळा उघडल्या की सोसायटीच्या फलकावर, वाण्याच्या दुकानाच्या शटरवर आणि शाळेच्या फाटकाबाहेर क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, अबॅकस, बुद्धिबळ यांच्या रांगेत आता तायक्वांदोचीही जागा पक्की झाली आहे. पांढरा पोशाख, कमरेला रंगीत पट्टा, कानाच्या वर गेलेला पाय असा एक फोटो आणि खाली आत्मविश्वास, शिस्त, एकाग्रता, स्वसंरक्षण अशी आश्वासने. चौकशीला आलेल्या पालकांचे प्रश्नही ठरलेले असतात. फी किती, आठवड्यातून किती दिवस आणि ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळतो? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा आहे. जो विचारायला हवा तो मात्र सहसा कोणी विचारत नाही. मुलाच्या डोक्यावर लाथ बसू शकेल असा सराव कोणत्या टप्प्यावर सुरू होतो आणि तशी लाथ बसली तर पुढच्या दहा मिनिटांत क्लासमध्ये काय केले जाते?

हा प्रश्न कोणाला भित्रेपणाचा वाटेल. पण तो या खेळाच्या नियमांतूनच येतो. तायक्वांदो मूळचा कोरियाचा. 'ते' म्हणजे पाय, 'क्वान' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हे नाव १९५५ मध्ये ठरले आणि पुढे १९६६ व १९७३ मध्ये दोन वेगवेगळ्या जागतिक संघटना उभ्या राहिल्या. ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो दुसऱ्या संघटनेचा, म्हणजे आजच्या 'वर्ल्ड तायक्वांदो'चा प्रकार. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ होता, २००० च्या सिडनीपासून त्याला पदके मिळू लागली. या प्रकारात चेहऱ्यावर ठोसा मारायला मनाई आहे, कमरेखाली लाथ मारायलाही मनाई आहे. पण डोक्यावर लाथ चालते. नुसती चालते असे नाही, छातीवरच्या लाथेपेक्षा तिला जास्त गुण मिळतात. पहिल्या संघटनेच्या प्रकारात तर हातानेही चेहऱ्यावर वार करता येतो, मात्र तिथे जोर आवरता घेणे अपेक्षित असते. त्यामुळे क्लास कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी कळायला हवे. फलकावर दोन्हींचे नाव 'तायक्वांदो' एवढेच असते.

गुणांची ही रचना पाहिली की स्पर्धेत पदके आणू पाहणारा प्रशिक्षक मुलांना डोक्याकडे पाय न्यायला लवकर का शिकवतो, ते समजते. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. खेळाचे गणितच तसे आहे. हा खेळ डोक्यावर न मारताही उत्तम खेळता येतो, याचा पुरावा जागतिक पातळीवरच आहे. टोकियोपासून पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदोचा समावेश झाला. हरियाणाची अरुणा तन्वर तिथे उतरली, ती या खेळातली पहिली भारतीय पॅरालिम्पियन. त्या लढतींत डोक्यावर लाथ मारायला परवानगीच नाही. तरीही सामने चुरशीचे होतात.

क्लासमध्ये काय काय शिकवतात, ते सुटे करून पाहिले की धोका कुठे आहे ते नीट कळते. उभे राहण्याच्या पद्धती, अडवणे, लाथा, ठोसे असे मूलभूत प्रकार. मग 'पूमसे', म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका. मग फळी किंवा कौल फोडणे. आणि शेवटी 'क्योरुगी', म्हणजे प्रत्यक्ष जोडीदाराशी लढत. पहिल्या दोन प्रकारांत दुखापत क्वचित होते आणि झाली तर बहुतेक मुरगळण्यापुरती. जोखीम वाढते ती लढतीत. 'अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मुलांच्या युद्धकलांवर एक अहवाल काढला. त्याचा रोख असाच आहे की स्पर्श न होणारा सराव मुलांसाठी चांगला. अंगाला लागेल अशी लढत मूल तयारीने आणि समजुतीने तिथवर पोचेपर्यंत लांबवावी. आणि डोक्यावरच्या माराला बक्षीस देणाऱ्या नियमांचा फेरविचार व्हावा. 'वर्ल्ड तायक्वांदो'च्या मुलांच्या जागतिक स्पर्धाही १२ वर्षांपासून पुढेच सुरू होतात. आपल्याकडे मात्र त्याहून लहान मुलांच्या लढती जिल्ह्याजिल्ह्यांत सर्रास होतात आणि सहा-सात वर्षांचे पोर हेल्मेट घालून उभे केलेले पाहून आई-वडील मोबाइलवर चित्रण करत असतात.

हेल्मेट आहे ना, मग काळजी कशाची, असे अनेकांना वाटते. हेल्मेट कवटीला, कानाला, भुवईला वाचवते. जमिनीवर आपटल्यास त्याचा खरा उपयोग होतो. पण लाथेने डोके झटक्यात वळते तेव्हा कवटीच्या आत मेंदू हलतो आणि ती हालचाल बाहेरचे फोमचे आवरण थांबवू शकत नाही. या हादऱ्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. यात मेंदूचे काम काही काळ बिघडते, रचना सहसा बिघडत नाही. म्हणूनच सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो आणि घरचे निश्चिंत होतात. दुसरा गैरसमज बेशुद्धीचा. मूल बेशुद्ध पडले नाही म्हणजे डोक्याला काही झाले नाही, असे धरले जाते. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्यांपैकी फारच थोडे जण शुद्ध हरपतात. बाकीच्यांत दिसते ते वेगळेच. मूल गोंधळल्यासारखे बघते, तोच प्रश्न पुन्हा विचारते, डोके दुखते म्हणते, उजेड नको म्हणते, मळमळते, तोल जातो, विनाकारण रडते किंवा चिडते. काही वेळा ही लक्षणे काही तासांनी, घरी आल्यावर सुरू होतात. लहान मुलाला ती शब्दांत सांगताही येत नाहीत. 'आज त्याचे लक्षच नाही' एवढेच आईच्या ध्यानात येते.

अशा वेळी नियम एकच आहे आणि त्यात प्रशिक्षकाच्या मर्जीला जागा नाही. शंका आली की मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर सोडायचे नाही. 'पाणी पी आणि उभा राहा' ही आपल्याकडची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर बरे व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, मानेत तीव्र वेदना, एकाच्या जागी दोन दिसणे, जागे करूनही नीट जागे न होणे यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लक्षणे सौम्य असली तरी डॉक्टरांना दाखवावेच. मार लागलेल्याला रात्रभर झोपू देऊ नये, असे घरोघरी सांगितले जाते. डॉक्टरांनी तपासून घरी सोडले असेल तर झोप चांगलीच. पहिले एक-दोन दिवस तुलनेने विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणे-फिरणे. आधी शाळा, मग खेळ. खेळातही आधी हलका व्यायाम, मग जोडीदाराशिवाय सराव. लढत सर्वांत शेवटी आणि तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. मोठी माणसे साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागू शकतात. जिल्हा स्पर्धा पुढच्या रविवारी असली तरी हे वेळापत्रक बदलत नाही.

म्हणून प्रवेशाआधी प्रशिक्षकांना सरळ विचारावे. लढतीचा सराव कितव्या पट्ट्याला आणि कितव्या वर्षी सुरू करता? जोड्या वजन आणि अनुभव पाहून लावता की रांगेत शेजारी उभा असेल तो जोडीदार? डोक्याला लागले तर पालकांना फोन कोण करते? उत्तर शांतपणे आणि नेमके आले तर क्लास चांगला असण्याची शक्यता मोठी. 'आमच्याकडे असे कधी होत नाही' हे उत्तर मात्र चिंतेचे आहे. लढत होणाऱ्या क्लासमध्ये आजवर एकाही मुलाच्या डोक्याला लागले नाही, याचा अर्थ बहुधा कोणी नोंदच ठेवली नाही. मुलाला लढतीत उतरवायचेच नाही, असेही पालक ठरवू शकतात. पूमसेच्या स्वतंत्र स्पर्धा असतात. २००६ पासून तिची जागतिक स्पर्धा होते आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत तिला पदकेही होती.

डोक्याखालोखाल जपायची ती वाढती हाडे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा एक थर असतो, ज्यातून हाड लांब होते. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. मुलींमध्ये तो साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ व्या वर्षांपर्यंत पक्क्या हाडात बदलतो. तोवर तो आजूबाजूच्या स्नायूबंधांपेक्षाही कमजोर असतो. मोठ्या माणसाचा स्नायू ताणला जाईल अशा ठिकाणी मुलाच्या हाडाचा तुकडाच स्नायूबरोबर निघून येऊ शकतो. उंच लाथा मारणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंमध्ये बसण्याच्या हाडाजवळ किंवा कमरेच्या पुढच्या बाजूला असे होते. आणि इथेच आपल्या अनेक क्लासमधली एक प्रथा बंद व्हायला हवी. मुलाला पाय फाकवून बसवायचे आणि मागून दोन मोठ्या मुलांनी खांदे दाबायचे किंवा मांडीवर पाय देऊन उभे राहायचे. मूल रडते, बाकीचे हसतात, सर म्हणतात, 'दोन दिवसांत मोकळे होईल.' लवचीकता अशी येत नाही. शरीर आधी तापवायचे, सुरुवातीला हालचालीचे ताण, स्थिर ताण सरावाच्या शेवटी आणि मूल 'बस' म्हणाले की थांबायचे. महिन्यांच्या हिशेबाने पाय आपोआप वर जातो.

अनवाणी, कडक फरशीवर उड्या मारून टाच दुखणे हे आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत नेहमीचे. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखते, सकाळी लंगडत चालते. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणे हेही त्याच जातीचे. ही दुखणी काही आठवडे उड्या कमी करून बरी होतात. दुर्लक्ष करून खेळत राहिल्यास रेंगाळतात. हॉलमध्ये जाड मॅट आहेत की नुसती सतरंजी, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. कौले फोडण्याचे आणि पेटत्या रिंगणातून उडीचे कार्यक्रम स्नेहसंमेलनात टाळ्या घेतात, पण कोवळ्या बोटांच्या हाडांना त्याचा काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. ती घरी लपूनछपून घडते. लढती वजनगटांत होतात. गटाच्या मर्यादेपेक्षा मूल दीड-दोन किलो जास्त भरले की 'उतरव' असा निरोप येतो. मग रात्रीचे जेवण बंद, दिवसभर पाणी नाही, अंगात रेनकोट घालून पळणे. कमी होते ते अंगातले पाणी. चरबी तेवढ्या वेळात घटत नाही. पाणी कमी झालेले मूल लढतीत मंद पडते, उन्हाळ्यात घेरी येऊन कोसळू शकते. महिनोन्महिने कमी खाणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते, थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. वाढत्या वयात वजन वाढणे हेच तर अपेक्षित असते. अशा मुलाला वरच्या गटात खेळवावे, हरले तरी चालेल. मुलगी जेवायचे टाळते, वारंवार वजनकाट्यावर उभी राहते, असे दिसले तर स्पर्धा बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलायला हवे.

लहान-मोठ्या बाकी गोष्टी. पावसाळ्यात मॅट ओल्या राहतात आणि नायटा एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. तेव्हा मॅट जंतुनाशकाने पुसतात का ते विचारावे, पोशाख दर सरावानंतर धुवावा आणि एकमेकांचे गार्ड शक्यतो वापरू नयेत. गोल, खाजणारा चट्टा आला तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. खाज लगेच थांबते, नायटा आतून पसरत जातो. त्वचारोगतज्ज्ञांकडे आज येणाऱ्या हट्टी नायट्यांमागे या मलमांचा मोठा हात आहे. लढतीच्या वेळी तोंडात माउथगार्ड हवाच. तरीही पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, घासू नये, दुधात टाकावा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचावे. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. चष्मा लावून लढत करू नये.

एवढे सगळे वाचून क्लासच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू-हाडांना बळ देणारा व्यायाम. शिकवणी आणि मोबाइल यांच्यामध्ये सापडलेल्या शहरी मुलांना ते मिळत नाही. तायक्वांदोत पायांची ताकद, तोल, दम सगळे येते. संघात निवड होत नाही म्हणून बाकावर बसणाऱ्या बुजऱ्या मुलालाही इथे रोज जागा असते. दमा असलेली मुलेसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्याने, इनहेलर जवळ ठेवून हा खेळ मजेत खेळतात. आठवड्यातले तीन तास मात्र पुरेसे नाहीत; उरलेल्या दिवशी अंगणात, मैदानावर खेळणे लागतेच.

शिस्तीच्या दाव्यालाही थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या एका शाळेत तीन महिने काही मुलांना नेहमीचा पीटीचा तास आणि काहींना तायक्वांदो असा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तायक्वांदोच्या मुलांत स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता आणि वर्गातले वागणे जास्त सुधारलेले दिसले. त्याहून बोलका अभ्यास १९८६ चा आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या ३४ किशोरवयीन मुलांवर तो झाला. ज्या गटाला आदर, संयम, ध्यान यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवले, त्यांचा आक्रमकपणा घटला. ज्यांना नुसते मारामारीचे तंत्र शिकवले, त्यांचा वाढला. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण एकाच नावाचा खेळ शिकवण्याच्या पद्धतीनुसार मुलाला दोन दिशांना नेऊ शकतो, हे त्यातून दिसते. म्हणून पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास मागे बसून पाहावा. सर चुकलेल्या मुलाशी कसे बोलतात? शिक्षा म्हणून पट्ट्याने मारतात का? पालकांना बसून बघूच देत नसतील, तर दुसरा क्लास शोधावा.

आता पट्ट्यांविषयी. पांढऱ्यापासून लाल पट्ट्यापर्यंतची परीक्षा क्लास किंवा स्थानिक संघटनाच घेते. त्यामुळे एका क्लासचा निळा पट्टा दुसऱ्याच्या पिवळ्याएवढाही असू शकतो. दर परीक्षेची फी, पोशाख, गार्ड, स्पर्धेची प्रवेश फी आणि प्रवास धरला की वर्षाचा खर्च मासिक फीच्या बराच पुढे जातो. तो आकडा आधीच लिहून मागावा. ब्लॅक बेल्टची आंतरराष्ट्रीय नोंद सोलमधल्या 'कुक्कीवॉन' या केंद्रात होते, तिथल्या प्रमाणपत्राला क्रमांक असतो आणि तो पडताळता येतो. १५ वर्षांखालच्या मुलांना तिथे 'दान' नव्हे तर 'पूम' मिळतो. दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देणारी जाहिरात या सगळ्याच्या उजेडात वाचावी. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे आरक्षण हेही अनेकांचे आकर्षण असते. पण त्यासाठी स्पर्धा शासनाच्या नियमांत बसणारी लागते. देशात या खेळाच्या संघटनांमध्ये मान्यतेवरून वर्षानुवर्षे वाद आहेत. 'राष्ट्रीय' असे नाव असलेली प्रत्येक स्पर्धा त्या नियमांत बसतेच असे नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा चौकशी केली की उलगडा होतो.

परगावच्या स्पर्धेला मुले जातात तेव्हा मुक्कामाला कोण कुठे झोपणार, मुलींबरोबर महिला प्रशिक्षक किंवा एखादी आई आहे का, हे विचारायला संकोच करू नये. शिकवताना पाय, कंबर धरून दाखवावे लागते. ते सर्वांसमोर, सांगून व्हावे. मुलाने काही वावगे सांगितले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असणाऱ्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

नाव घालण्यापूर्वी मुलाला एकदा नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावे. व्यायाम करताना कधी शुद्ध हरपली होती का, घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेले का, फिट येतात का, एकच मूत्रपिंड किंवा एकाच डोळ्याने दिसते असे काही आहे का, हे त्यांना सांगावे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची मान तपासल्याशिवाय कोलांट्या आणि लढत नको. अनवाणी खेळ असल्याने धनुर्वाताची १० आणि १६ व्या वर्षीची लस चुकलेली नाही ना, ते पाहावे. मुलाचे आजार, ॲलर्जी, चालू औषधे आणि दोन फोन क्रमांक प्रवेश अर्जात लिहावेत. अर्जात तशी जागाच नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो प्रशिक्षकांच्या हाती द्यावा आणि त्याची एक प्रत मुलाच्या बॅगेत, माउथगार्डच्या डबीशेजारी ठेवावी.